सेय्दिगळ् वासिप्पदु सरोज नारायणस्वामी

‘आकाशवाणी. सेय्दिगळ् वासिप्पदु सरोज नारायणस्वामी.’

तमिळनाडूतल्या साठीच्या आसपासच्या कुणालाही हे वाक्य म्हणायला सांगा. ते नुसतं म्हणणार नाहीत, त्या चालीवर म्हणतील. ‘सरोज’ला किंचित थांबून, ‘नारायणस्वामी’ एका दमात. आपल्याकडे ‘सुधा नरवणे आपल्याला बातम्या देत आहेत’ असं म्हटलं की एक कान रेडिओकडे आणि डोळे दुधाच्या पातेल्याकडे लावून उभी असलेली आई आठवते, तसंच तिकडे या वाक्याचं आहे. फरक एवढाच की सुधाताईंचा आवाज पुण्याहून यायचा आणि सरोजबाईंचा थेट दिल्लीहून.

वाक्याचा अर्थ आधी पाहू, कारण पुढचं बरंचसं त्यातच दडलेलं आहे. ‘सेय्दिगळ्’ म्हणजे बातम्या. ‘वासिप्पदु’ म्हणजे वाचणं, वाचण्याचं काम. ‘बातम्या-वाचन : सरोज नारायणस्वामी’ असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या ‘वाचणे’चं आणि या ‘वासि’चं मूळ एकच, संस्कृत ‘वाच्’. पण तमिळमध्ये हा शब्द आणखी एक काम करतो. वीणा वाजवणं, व्हायोलिन वाजवणं, नादस्वरम वाजवणं यालाही ‘वासि’च म्हणतात. पुस्तक वाचायचं तेही वासि आणि वाद्य वाजवायचं तेही वासि. सरोजबाईंच्या कामाला हा दुहेरी शब्द फार चपखल बसतो, असं मला मनापासून वाटतं.

त्यांचं चरित्र थोडक्यात सांगता येतं. घराणं मूळचं तंजावरचं, वाढल्या मुंबईत. लग्नानंतर दिल्लीला गेल्या, काही काळ बँकेत नोकरी केली, मग आकाशवाणीत आल्या आणि सुमारे पस्तीस वर्षं तिथेच राहिल्या. आकाशवाणीवर तमिळ बातम्या वाचणारी पहिली स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. इंदिरा गांधींची मुलाखत त्यांनी घेतली होती. तमिळनाडू सरकारने ‘कलैमामणी’ हा आपला मानाचा किताब त्यांना दिला. निवृत्तीनंतर त्या मुंबईला परतल्या आणि १३ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईतच, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

एवढं वाचून त्या नेमकं काय करत होत्या हे कळत नाही. ‘वृत्तनिवेदिका’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे असं चित्र येतं की कुणीतरी बातमी लिहून देतं, आणि चांगला आवाज असलेलं माणूस ती वाचून दाखवतं. दिल्लीतल्या भाषिक बातमीपत्रांचं तसं नव्हतं. तिथल्या पदाचं नावच ‘वृत्तनिवेदक तथा अनुवादक’ असं होतं. हातात इंग्रजी बातम्यांचे कागद पडायचे. त्यातलं निवडायचं, आपल्या भाषेत उतरवायचं, वेळेत बसवायचं, आणि मग लाल दिवा लागला की वाचायचं. लोकांना ऐकू आली ती दहा मिनिटं. त्यामागचे दोन-तीन तास कुणाला दिसले नाहीत. सरोज नारायणस्वामींचा आवाज गोड होता, ठाम होता, हे सगळे सांगतात. मला सांगायचं आहे ते त्या न दिसलेल्या तासांबद्दल.

पण आधी, तमिळ बातम्या दिल्लीहून का?

भारतात संघटित नभोवाणी सुरू झाली ती मुंबईत, २३ जुलै १९२७ ला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्रावरून. मद्रासमध्ये त्याही आधी, १९२४ मध्ये, हौशी मंडळींनी रेडिओ क्लब काढून प्रक्षेपणाचे प्रयोग केले होते. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं, १६ जून १९३८ ला त्याचं मद्रास केंद्र सुरू झालं आणि पुढच्या वर्षी तिरुचिरापल्लीचं. म्हणजे तमिळ बोलायला, गायला तमिळ मुलखातच केंद्रं होती. बातम्यांचं मात्र वेगळं झालं. दुसरं महायुद्ध सुरू होताच, कुठल्या केंद्रावरून कोणती बातमी जाते यावर सरकारला बारीक नजर हवी होती. मग सोपा मार्ग काढला गेला. बातम्या सगळ्या भाषांत, पण एकाच जागेहून द्यायच्या. भाषांचे जाणकार दिल्लीला आणले गेले. स्वातंत्र्यानंतर कारण बदललं, देश एक ठेवायचा होता, पण रचना तीच राहिली. १५ ऑगस्ट १९४७ ची बातमी तमिळमध्ये सांगणारे पूर्णम विश्वनाथन हेही दिल्लीतच होते. पुढे ते तमिळ रंगभूमीवर आणि चित्रपटांत नावाजलेले नट झाले.

मराठीचंही तेच होतं. आपण ऐकत आलो ती राष्ट्रीय बातमीपत्रं दिल्लीतच तयार व्हायची. संसद मार्गावरच्या आकाशवाणी भवनात मराठी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, असमिया अशा एकेका भाषेचा छोटा कक्ष असायचा. चार-सहा माणसं, काही टेबलं, शब्दकोश आणि कागदांचे गठ्ठे. एकाच इंग्रजी कागदावरून शेजारी-शेजारी बसून डझनभर भाषांत बातमी उतरायची.

या कामाचा क्रम असा. वृत्तसंस्थांच्या टेलिप्रिंटरवरून आणि आकाशवाणीच्या स्वतःच्या वार्ताहरांकडून आलेला मजकूर आधी मुख्य वृत्तकक्षात जायचा. तिथे इंग्रजीत बातम्या तयार होऊन त्यांच्या प्रती सगळ्या भाषांच्या कक्षांत वाटल्या जायच्या. तमिळचं सकाळचं बातमीपत्र सव्वासातला. म्हणजे पहाटेपासून बसायचं. त्या काळात तमिळ मजकूर हातानेच लिहिला जायचा. सात वाजता एखादी मोठी बातमी आली तर अर्ध्या पानावर काट मारून नवं लिहायचं, आणि तेच ओलं पान घेऊन स्टुडिओत जायचं. बातमीपत्र थेट जात असे. चुकलं तर पुसायची सोय नव्हती.

आता या भाषांतरात डोकं कुठे लागतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा इंग्रजी कागदावर एक बातमी आहे की अर्थमंत्र्यांनी आज लोकसभेत सांगितलं की शेतीवर नवा कर लावला जाणार नाही. इंग्रजीत आधी बोलणारा येतो, मग त्याचं बोलणं. मराठीत आपल्याकडे दोन्ही वाटा आहेत. ‘अर्थमंत्री म्हणाले की…’ ही एक, आणि ‘शेतीवर कर लावला जाणार नाही, असं अर्थमंत्री म्हणाले’ ही दुसरी. तमिळची सहज चाल दुसऱ्या वाटेची. आपल्या ‘असं’च्या जागी तिथे ‘एन्ड्रु’ येतं, आणि क्रियापद अगदी शेवटी.

वर्तमानपत्रात याने काही बिघडत नाही, डोळा मागेपुढे फिरतो. कानाला मात्र मागे जाता येत नाही. ‘शेतीवर नवा कर लावला जाणार नाही…’ एवढं ऐकल्यावर श्रोत्याला वाटतं की हे आकाशवाणीच सांगते आहे, हा निर्णय झालाच. आणि वाक्य लांबलचक असेल, मध्ये दोन आकडे आणि एका समितीचं नाव असेल, तर ‘असं अमुक म्हणाले’ येईपर्यंत सुरुवात विसरायला होते. म्हणून चांगला अनुवादक वाक्य फोडतो. आधी छोटं वाक्य घेतो, लोकसभेत आज अर्थमंत्री शेतीवरच्या कराबद्दल बोलले. मग दुसरं, नवा कर येणार नाही असं त्यांनी स्पष्ट केलं. इंग्रजी कागदावर नसलेला पूर्णविराम कुठे द्यायचा, हा निर्णय दर बातमीला दहा-बारा वेळा घ्यावा लागतो, आणि तोही घड्याळाकडे बघत.

घड्याळाचीही वेगळी अडचण आहे. तमिळ शब्द एकमेकांना चिकटत जातात. ‘ते करत आहेत’ हे आपले तीन छोटे शब्द. लिखित तमिळमध्ये तेवढ्यासाठी एकच शब्द आहे, ‘सेय्दुकोण्डिरुक्किरार्गळ्’. मोठ्याने म्हणून पाहा. जीभ नीट वळवून, प्रत्येक अक्षर ऐकू येईल असं म्हणायचं तर वेळ लागतो. पानावर शब्द कमी दिसतात, पण तोंडात अक्षरं जास्त असतात. त्यामुळे तमिळ निवेदकाला शब्द मोजून चालत नाही, अक्षरांचा अंदाज लागतो. हा अंदाज वर्षानुवर्षांच्या सरावानेच येतो, पान हातात घेतलं की हे पन्नास सेकंदांचं की सत्तर, हे कळायला लागतं.

शिवाय ही भाषा बोलण्यातली नाहीच. तमिळमध्ये घरात बोलायची भाषा आणि लिहायची भाषा यांतलं अंतर आपल्या मराठीपेक्षा कितीतरी मोठं आहे. प्रत्यय वेगळे, क्रियापदांची रूपं वेगळी, कित्येक शब्द वेगळे. बातम्या द्यायच्या त्या लिखित तमिळमध्ये. तंजावर असो, मदुरै असो की कोईमतूर, घरात कुणी तसं बोलत नाही, पण सगळ्यांना ती आपली वाटायला हवी. म्हणजे निवेदकाने ग्रांथिक भाषा अशी म्हणायची की ती सहज वाटावी. मुंबईत वाढलेल्या मुलीने हे साधलं, याचं मला विशेष कौतुक वाटतं. तिला गल्लीतून, बाजारातून, एसटी स्टँडवरून आपोआप मिळणारी तमिळ नव्हती. घरात जी मिळाली ती, आणि पुढे स्वतः मेहनतीने कमावली ती.

पण याच मुंबईचा एक मोठा फायदाही होता, आणि तो कळायला तमिळ लिपीकडे पाहावं लागतं.

देवनागरीत क, ख, ग, घ अशी चार अक्षरं आहेत. तमिळ लिपीत चौघांचं काम एकच अक्षर करतं. प, फ, ब, भ यांनाही एकच. तमिळ शब्दांपुरतं यात काही अडत नाही, कारण नियम ठरलेले आहेत. शब्दाच्या सुरुवातीला कठोर उच्चार करायचा, मध्ये मृदू. पण दिल्लीच्या बातम्या म्हणजे उत्तरेतल्या नावांची रांगच. ‘गांधी’ तमिळमध्ये लिहिलं की ते अक्षरशः ‘कांति’ असंही वाचता येतं, आणि तेज या अर्थाचा ‘कांति’ हा शब्दही नेमका असाच लिहितात. ‘भाभा’ अणुसंशोधन केंद्राचा ‘भाभा’ आणि साईबाबांमधला ‘बाबा’, दोन्ही लिहिताना एकसारखेच दिसतात. वाचणाऱ्याला नाव आधीपासून माहीत नसेल तर कागद त्याला काहीच सांगत नाही. ज्याच्या कानावर लहानपणापासून मराठी, हिंदी, गुजराती पडलेली आहे, त्याच्या जिभेलाच झारखंडचा झ आणि घाटकोपरचा घ कसा म्हणायचा हे ठाऊक असतं. मुंबईने सरोजबाईंना हे आयतं दिलं असणार.

त्यांच्या नावातही ही मुंबई दिसते. तमिळ वळणाने ते ‘सरोजा’ झालं असतं आणि पुढे ‘नारायणसामी’. त्या शेवटपर्यंत ‘सरोज’ आणि ‘नारायण्‌स्वामी’ राहिल्या, उत्तरेकडच्या चालीचं नाव. रोज सकाळी हे थोडं परकं वाटणारं नाव लाखो घरांत ऐकू येत राहिलं आणि एका काळानंतर ते परकं उरलंच नाही.

उलट बाजूने, तमिळमध्ये असे काही ध्वनी आहेत की जे बाहेर वाढलेल्या माणसाला अडवतात. आपल्याकडे ल आणि ळ आहेत, त्यामुळे हिंदी भाषकापेक्षा मराठी माणसाला हे लवकर समजेल. तमिळमध्ये तिसरा भाऊही आहे, ऴ. जीभ टाळूकडे मागे वळवायची, पण कुठेही टेकवायची नाही. ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी खरा उच्चार याच ऴचा आहे, आपण आपल्या सोयीने ळ म्हणतो. आता हे तीन शब्द पाहा. ‘ओलि’ म्हणजे ध्वनी. ‘ओळि’ म्हणजे प्रकाश, आणि लपवणं असाही अर्थ. ‘ओऴि’ म्हणजे नाहीसं करणं. सरकारी बातम्यांमध्ये हमखास येणारा एक शब्दप्रयोग आहे, ‘वरुमै ओऴिप्पु’, म्हणजे दारिद्र्य निर्मूलन. तिथे जीभ जरा पुढे सरकून टाळूला टेकली तर ते होतं ‘वरुमै ओळिप्पु’, दारिद्र्य लपवणं! एका ध्वनीवर सरकारच्या योजनेचा अर्थ उलटा होतो. श्रोते याबाबतीत फार काटेकोर असतात, ऴ चुकवणाऱ्याला तमिळ माणूस सहज माफ करत नाही. सरोजबाईंच्या उच्चारांचं कौतुक होतं ते या कसोटीवर.

या ‘ओलि’वरूनच रेडिओला तमिळमध्ये ‘वानोलि’ म्हणतात. वान म्हणजे आकाश, ओलि म्हणजे ध्वनी. अर्थ हुबेहूब ‘आकाशवाणी’चाच, फक्त शब्द तमिळ. आणि याच जागी मोठा वाद होता. ‘आकाशवाणी’ हे नाव मुळात दक्षिणेतलंच, १९३५ मध्ये म्हैसूरच्या एका प्राध्यापकांनी, एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सुरू केलेल्या केंद्राचं. पुढे पन्नाशीच्या दशकात केंद्र सरकारने ते सगळ्या देशाच्या रेडिओला दिलं. तमिळनाडूत मात्र ते हिंदीच्या सक्तीची खूण म्हणून पाहिलं गेलं. आमच्या भाषेत ‘वानोलि’ आहे, मग आमच्या बातम्यांच्या सुरुवातीला ‘आकाशवाणी’ का, असा प्रश्न होता आणि तो ऐंशीच्या दशकापर्यंत अधूनमधून पेटत राहिला. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात तमिळनाडूत माणसांचे जीव गेले होते, तेव्हा या नावामागची भावना आपण समजून घ्यायला हवी.

अशा वातावरणात, दिल्लीहून, ‘आकाशवाणी’ या शब्दाने सुरू होणारं बातमीपत्र. आणि त्यानंतर लगेच कानावर येणारी तमिळ इतकी नितळ की तिच्यात खोट काढायला जागा नाही. पहिल्या शब्दाने दुरावलेल्या श्रोत्याला पुढच्या वाक्यांनी पुन्हा जवळ आणायचं, हे काम सरोजबाईंच्या पिढीने रोज केलं. दिल्लीचं राजकारण तमिळ माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या भाषेचा मान ठेवून सांगितलं गेलं.

आवाज तिथपर्यंत पोहोचायचा कसा, हेही सांगायला हवं. दिल्लीपासून चेन्नई सरळ रेषेत सुमारे साडेसतराशे किलोमीटर. आपल्या घरच्या रेडिओवर लागणारी मध्यमलहर दिवसा इतकी लांब जात नाही. लघुलहर जाते, कारण ती जमिनीलगत न धावता वर जाते आणि वातावरणाच्या वरच्या थरावर, आयनांबरावर, आपटून खाली येते. कॅरम बोर्डच्या कडेला लागून सोंगटी फिरावी तशी. दिल्लीहून लघुलहरीवर सोडलेलं बातमीपत्र चेन्नई, तिरुचिरापल्लीची केंद्रं पकडायची आणि आपल्या मध्यमलहरीवरून पुन्हा सोडायची. यालाच सहक्षेपण म्हणतात. ‘आता दिल्ली केंद्रावरून बातम्या सहक्षेपित करीत आहोत’ हे वाक्य आपण हजारदा ऐकलंय, त्याचा अर्थ हा.

पण आयनांबर ही काही पक्की भिंत नाही. सूर्याच्या उन्हाने तिचा स्वभाव तासातासाला बदलतो. म्हणून लघुलहरीवरचा आवाज दूर जातो, जवळ येतो, मध्येच खरखरतो. अशा आवाजात आधी बुडतात ते सूक्ष्म ध्वनी. शब्दांचे शेवट जातात, आणि तमिळमध्ये तर सगळं व्याकरण शब्दाच्या शेवटीच असतं. कोण, कधी, किती जण, होकार की नकार, सगळं त्या शेवटच्या दोन अक्षरांत. ती गिळली की बातमीच गेली. जुन्या निवेदकांची ती संथ, शेवटपर्यंत ताणलेली, आज थोडी औपचारिक वाटणारी वाचनाची पद्धत ही त्या खरखरीतून वाट काढण्यासाठी घडलेली आहे. ऐंशीच्या दशकात इन्सॅट उपग्रहावरून केंद्रांना स्वच्छ ध्वनी मिळू लागला, पण ती शिस्त त्या निवेदकांच्या अंगात मुरली ती मुरलीच.

बाईने बातम्या वाचाव्यात का, हाही एके काळी प्रश्न होता, आज खरं वाटणार नाही. बीबीसीने १९३३ मध्ये शीला बॉरेट यांना निवेदिका म्हणून माइकसमोर बसवलं आणि तक्रारी आल्या म्हणून काही महिन्यांतच बाजूला केलं. आपल्याकडे सईदा बानो यांनी १३ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीहून उर्दू बातम्या वाचल्या, तेव्हा ती मोठी गोष्ट होती. गाणं, नाटुकलं, गृहिणींसाठीचा कार्यक्रम इथवर बाईचा आवाज चालत असे. युद्ध, अर्थसंकल्प, निवडणुका या गोष्टी पुरुषाच्या आवाजातच वजनदार वाटतात अशी समजूत होती. सरोजबाईंनी त्या समजुतीविरुद्ध भाषणं केली असं कुठे दिसत नाही. त्यांनी वर्षानुवर्षं युद्ध, अर्थसंकल्प आणि निवडणुकांच्या बातम्या वाचल्या. तमिळमध्ये मान देऊन ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाल्या’ यांना एकच रूप आहे, ‘कूरिनार्’. कामराज कूरिनार्, इंदिरा गांधी कूरिनार्. स्त्री की पुरुष, हे क्रियापद सांगत नाही. सांगणारीच्या बाबतीतही हळूहळू लोकांना तो फरक जाणवेनासा झाला.

गंमत अशी की तमिळनाडूच्या त्या पिढीच्या कानात घर केलेले आणखी दोन स्त्री-आवाजही राज्याबाहेरचेच. एक कोलंबोहून, राजेश्वरी षण्मुगम यांचा. ‘इलंगै वानोलि’, म्हणजे श्रीलंकेचा रेडिओ, तमिळनाडूत किनाऱ्यापासून आत खोलवर ऐकला जायचा, आणि त्याला कारण झाले आपलेच बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ ते १९६२ ते माहिती व नभोवाणी मंत्री होते, चित्रपटगीतांवर त्यांचा राग होता, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. विविध भारती १९५७ मध्ये आली, पण तोवर हिंदी आणि तमिळ दोन्हीकडचे श्रोते सिलोनकडे वळले होते. दुसरा आवाज लंडनहून, बीबीसीच्या ‘तमिळोसै’वरून, मूळच्या जाफन्याकडच्या आनंदी सूर्यप्रकाशम् यांचा. श्रोते त्यांना ‘आनंदी अक्का’ म्हणत. बीबीसीची तमिळ सेवा १९४१ मध्ये सुरू झाली होती. मराठीतूनही लंडन बोलायचं, १९४२ ते १९५८. तमिळ टिकली, मराठी बंद पडली. आनंदी अक्का २००५ पर्यंत तिथे होत्या. श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या बातम्यांसाठी रात्री दारं लावून ‘तमिळोसै’ ऐकणारी घरं होती.

यातूनच एक अवघड गोष्ट पुढे येते, आणि सरोजबाईंवर प्रेम आहे म्हणून ती टाळणं मला बरोबर वाटत नाही. आकाशवाणी त्या काळात सरळ सरकारी खातं होतं. प्रसार भारती आली १९९७ मध्ये. आणीबाणीत काय सांगायचं आणि काय नाही हे वरून ठरत होतं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, बीबीसीने त्यांच्या निधनाची बातमी दिवसाच दिली, आणि आकाशवाणीने ती संध्याकाळी सहाला अधिकृतपणे सांगितली. मधले तास देश खरं-खोटं चाचपडत होता. सकाळी सव्वासातला दिल्लीचं तमिळ बातमीपत्र आणि रात्री लंडनचं, अशी दोन्ही ऐकणारी घरं होती ती यामुळेच.

कोणती बातमी जाणार, हे निवेदकाच्या हातात नव्हतं. ती कशी जाणार, यातला मोठा भाग होता. एखादं विधान सरकारचं आहे हे वाक्याच्या सुरुवातीलाच कळू द्यायचं की शेवटी, आकडा नीट सावकाश सांगायचा की गर्दीत हरवू द्यायचा, परक्या नावाचा उच्चार जपायचा की जमेल तसा उरकायचा. हे निर्णय लहान आहेत, पण रोजचे आहेत, आणि श्रोत्याविषयी आदर असेल तरच ते नीट घेतले जातात. सरकारी माध्यमावर अविश्वास असलेली माणसंही सरोजबाईंच्या आवाजावर विश्वास ठेवत होती याचं उत्तर मला इथे सापडतं. त्या आवाजाने आपल्या श्रोत्याला कधी गृहीत धरलं नाही.

गेल्या दशकात दिल्लीतली ती भाषिक बातमीपत्रं एकेक करून आपापल्या राज्यांत गेली. तमिळ चेन्नईला, मराठी मुंबईला. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, बातमी जिथे ऐकली जाते तिथेच ती लिहिली जावी. पण एका छपराखाली डझनभर भाषा शेजारी-शेजारी बसायच्या, तो प्रकार त्याबरोबर संपला. तिथे मराठी अनुवादकाला एखाद्या तमिळ नावाचा उच्चार हवा असेल तर पलीकडच्या टेबलाला विचारता यायचं आणि तमिळ अनुवादकाला ‘माढा’ की ‘म्हाडा’ हे इकडच्या टेबलाला.

निवृत्तीनंतर मुंबईत आल्यावर सरोजबाईंनी फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांना तमिळ आवाज दिला. एकच माहितीपट अनेक भाषांत तयार व्हायचा, चित्रं तीच, निवेदन प्रत्येक भाषेचं वेगळं. काम तसं ओळखीचंच होतं. लिहिलेलं तमिळमध्ये नीट बसवायचं, दृश्य संपायच्या आत वाक्य संपवायचं. एक फरक मात्र होता. आकाशवाणीचं बातमीपत्र सव्वासातला सुरू होऊन दहा मिनिटांत हवेत विरायचं, आणि त्यातलं फारच थोडं ध्वनिमुद्रित होऊन राहिलं. माहितीपटांचं निवेदन मात्र फितीवर उतरायचं आणि डब्यात बंद होऊन राहायचं. तंजावरच्या घराण्यातल्या, मुंबईत वाढलेल्या, दिल्लीहून बोललेल्या या बाईंचा जपून ठेवलेला आवाज त्यामुळे मुंबईत तयार झालेल्या फितींवर आहे.